रेनडिअरपायी रुसले गुरुजी

अहो वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या गुरुजींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. काल वाण्याकडून येत होते, अगदी समोरासमोर आलो, तर बोगनवेलीकडे बघत निघून गेले. मी म्हटलं, "नमस्कार गुरुजी." तर नुसतं "हं." एरवी माणूस तिथी, नक्षत्र आणि भाजीचे भाव सांगितल्याशिवाय फाटक सोडत नाही! आणि कारण काय म्हणाल, तर रेनडिअर. हसताय काय, खरंच रेनडिअर. नाताळात गाडी ओढतात ना, ते.

जरा इकडे जास्वंदीच्या बाजूला या. आमचे हे व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेत, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आलेला नाही.

तर माझी भाची. तिचं डिझाइनचं शेवटचं वर्ष. क्लबहाउसमध्ये तिनं काय मांडलं होतं ते सगळ्या सोसायटीनं बघितलंच, तुम्हीही रांगेत होतात. पण त्याच्या आधी आमच्या घरात काय रामायण झालं ते तुम्हाला कुठून कळणार? पोरगी उठता-बसता एकाच माणसाचं नाव जपत होती. कार्स्टन होलर. अहो, त्याची सगळी कुंडली मला पाठ झालीय. १९६१चा जन्म, गाव ब्रसेल्स, आईवडील जर्मन. शिकला शेतकीशास्त्र, त्यात डॉक्टरेट. आपल्या गुलाबावर मावा पडतो ना, तसले किडे वासातून एकमेकांना काय निरोप देतात, हे त्याचं संशोधन. विद्यापीठात छान बस्तान बसलेलं. आणि नव्वदीच्या दशकात हे सगळं सोडून गृहस्थ पूर्णवेळ कलावंत झाला! मी तर बाई त्याच्या आईचाच विचार करत बसले. आपल्याकडे पोरानं नुसतं बी.एस्सी. ॲग्री सोडलं तरी घरात आठवडाभर कुणी धड जेवत नाही.

आणि कलावंत होऊन केलं काय? घसरगुंड्या! लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००६ साली त्यानं पाच घसरगुंड्या लावल्या. सगळ्यांत मोठी पाचव्या मजल्यावरून निघायची, लांबी ५५ मीटरच्या वर. चांगले पिकले-केसवाले लंडनकर रांगा लावून घसरत होते म्हणे. त्याच्याही आधी मिलानची ती फॅशनवाली, मिउच्या प्राडा, तिच्या ऑफिसात एक बसवून दिली होती. बाईचं काम संपलं की घसरत खाली! मी भाचीला म्हटलं, "अगं, यात प्रयोग कुठाय?" तर म्हणते, "मावशी, वरून सुटताना माणसाचा चेहरा बघ आणि खाली पोचल्यावर बघ. मधल्या थोड्याशा सेकंदांत त्याचं स्वतःवर काही चालत नाही. मोजायचं ते तेच." मोजणार कोण? तर ज्याचं त्यानं.

२०१८ साली फ्लॉरेन्सला तर कहर केला. पलात्सो स्त्रोत्सी म्हणून जुना वाडा आहे तिथं, त्याच्या चौकात वीस मीटरवरून खाली येणाऱ्या दोन घसरगुंड्या. सोबतीला खराखुरा शास्त्रज्ञ, स्तेफानो मानकुसो, झाडांचा अभ्यास करणारा. घसरायला आलेल्यांपैकी काहींच्या हातात घेवड्याचं रोप द्यायचं आणि रोपासकट सोडून द्यायचं! खाली आल्यावर रोप तपासायला प्रयोगशाळेत, घसरताना त्याला काय झालं ते बघायला. शिवाय एका खोलीत विनोदी सिनेमा, दुसऱ्या खोलीत भयपट, आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकांच्या श्वासाची हवा नळ्यांतून बाहेर, वाड्याच्या भिंतीवर चढवलेल्या वेलींपर्यंत नेलेली. हसणाऱ्यांच्या हवेनं वेल कशी वाढते आणि घाबरलेल्यांच्या हवेनं कशी, ते पाहायचं. पाळणाघरवाल्या ताई तेव्हा आमच्याकडेच बसल्या होत्या. एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "म्हणजे आमचा मनीप्लांट वाळतो तो पोरांच्या भोकाडामुळं?" मला हसू आवरेना, पण भाचीनं ते वहीत लिहून घेतलं हो!

तर काय सांगत होते… हां, गुरुजी.

गुरुजी आले होते सत्यनारायणाची तारीख पक्की करायला. आणि पोरगी नेमकी त्याच वेळी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "सोम… सोम…" गुरुजींचे कान टवकारले. मांडी घालून बसलेच. "ऋग्वेदाचं नववं मंडल सगळं सोमाचं," म्हणाले, "पण आता खरी सोमवल्ली कुठली मिळायला? सोमयागात तिच्या जागी दुसरीच वनस्पती कुटतात." खूश होते हो. आजकालच्या मुलीला सोमाबद्दल विचारावंसं वाटतं, म्हणून दुसरा चहासुद्धा घेतला.

मग भाचीनं तोंड उघडलं. म्हणाली, एक अमेरिकन बँकर होता, गॉर्डन वॉसन, मॉर्गन बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण नाद सगळा अळंब्यांचा. त्यानं १९६८ साली पुस्तक लिहून मांडलं, की वेदातला सोम म्हणजे तांबड्या टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी. गुरुजी म्हणाले, "अळंबी? यज्ञात?" पण ते एक वेळ पचलं. पुढचं पचेना. सायबेरियातले लोक ही अळंबी खायचे, आणि तिची नशा लघवीतून जशीच्या तशी उतरते म्हणून… अहो, मी मधे चिवड्याची बशी पुढे केली, विषय बदलून बघितला, पण पोरगी थांबेल तर ना! खाणाऱ्याची लघवी दुसरे प्यायचे, म्हणाली. वॉसननं वेदातलंसुद्धा एक वचन त्यासाठी पुढे केलंय, म्हणाली. रेनडिअरनाही ही अळंबी फार आवडते, हेही वर सांगितलं.

गुरुजींचा कप बशीत आणि बशी हातात, तशीच राहिली.

तर होलरनं काय केलं, २०१० साली बर्लिनला हॅम्बुर्गर बानहोफ म्हणून जुन्या रेल्वे स्टेशनचं म्युझियम केलंय, तिथं हे सगळं मांडलं. नावच 'सोमा'. १२ रेनडिअर, २४ कॅनरी, ८ उंदीर आणि २ माश्या. माश्यासुद्धा मोजून! हॉलचे मधोमध दोन भाग, दोन्हीकडे मांडणी सारखी. एका बाजूच्या रेनडिअरना म्हणे ती अळंबी खायला घातलेली असेल, दुसऱ्या बाजूच्यांना नसेल. लघवी गोळा करून फ्रिजमध्ये. आणि उंचावर, अळंबीच्या आकाराच्या माच्यावर, एक पलंग. तिथं रात्री झोपायचं तर भाडं १००० युरो! तेव्हाचे साठेक हजार रुपये, रेनडिअरच्या वासात झोपण्याचे. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "नाश्ता धरून का?"

गुरुजी उठले. "म्हणजे या लोकांचं म्हणणं असं, की आपले ऋषी…" आणि वाक्य तिथंच सोडलं. उपरणं सावरलं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले. आणि मग, वहिनी, तुम्ही बघायला हवं होतंत, मागे वळले आणि हळूच विचारतात, "पण मग कुठल्या बाजूच्यांना दिली होती?"

भाची म्हणाली, "ते त्यानं सांगितलंच नाही, गुरुजी."

तिथं बिनसलं! लघवीचं त्यांनी गिळलं असतं, माझी खात्री आहे. पण इतकं सगळं ऐकवून शेवटी सांगितलंच नाही म्हणजे काय? आणि खरं सांगू, मला गुरुजींचंच पटतं. एखादी गोष्ट ठाऊक असून न सांगणं, ही काय कला झाली? आमच्यासारख्यांना तर घाम फुटतो. पण भाची म्हणते, "मावशी, सांगून टाकलं असतं तर लोक दोन मिनिटांत बघून बाहेर पडले असते. सांगितलं नाही म्हणून तासन् तास रेनडिअरकडे टक लावून बसायचं. हा जरा झिंगलाय वाटतं, तो बघा कसा मान हलवतो. कदाचित सगळ्यांनी नुसता पालाच खाल्ला असेल! पण बघणाऱ्याला फरक दिसायला लागतो. रेनडिअरवर प्रयोग नाहीये तो." बघणाऱ्यावर आहे, असं तिचं म्हणणं. म्हणजे साठ हजार भरून स्वतःच उंदीर व्हायचं.

आता आपल्या क्लबहाउसचं. तुम्ही बघितलंत ते दुसरं रूप. पहिल्यांदा तिनं रंगीत दिव्यांच्या माळा, बुडबुडे निघणाऱ्या काचेच्या बरण्या, पडद्यावर फिरणारे आकडे असं काय काय ठेवलं होतं. मी शेजारच्या पोरांना बोलावून दाखवलं, तर ती म्हणाली, "काकू, गणपती कुठे बसवणार?" देखावाच वाटला त्यांना! पोरीचा चेहरा असा पडला… रात्रभर जागून सगळं काढून टाकलं. मग आणली ती स्टीलची ट्रॉली, दवाखान्यात असते तसली, भाड्यानं. पांढरी ट्यूबलाइट. भिंतीवर काही नाही. आणि दाराआड एका वाटीत स्पिरिटचे बोळे! तुम्ही आत आल्याबरोबर आवाज खाली आणलात आठवतंय? सगळ्यांनीच आणला. सेक्रेटरी फोनवर ओरडत आले आणि उंबऱ्यातच कुजबुजायला लागले. कुणी "शांतता राखा" म्हटलं नव्हतं. नुसता वास. किड्यांच्या वासावर अभ्यास केलेल्या माणसाची चेली शोभते की नाही?

शिवाय ती पावती. कार्बन लावून, नंबर घातलेली पावती हातात पडली की आपल्या माणसाचा कशावरही विश्वास बसतो. आणि संमतिपत्रावर सही. बँकेतून रिटायर झालेले काका, एरवी सोसायटीच्या सर्क्युलरवर सही करायला तीन दिवस घेतात, त्यांनी न वाचता सही ठोकली. तिच्या अंगावरच्या ॲप्रनकडे बघून! यावरून तिनं आणखी एक सांगितलं. तो मिलग्राम, येल विद्यापीठातला, १९६१चा. करड्या कोटातला माणूस सांगतो म्हणून साधीसुधी माणसं भिंतीपलीकडच्या माणसाला विजेचे झटके देत गेली. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत! झटके खोटे होते म्हणा, पण देणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं? २००२ साली ग्लासगोत रॉड डिकिन्सन नावाच्या कलावंतानं तो सगळा प्रयोग नट घेऊन जसाच्या तसा पुन्हा उभा केला आणि लोक बसून बघत होते. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, आपण सरबतावरच थांबूया गं.

सरबत माझंच होतं हो. अमृतकोकम, जिरेपूड, चिमूटभर मीठ. पातेलंभर करून दिलं. तर ही बया पातेलं घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं! माझ्याच घरात! बाहेर आली ती दोन बरण्या घेऊन. एकीवर 'अ', एकीवर 'ब'. मी म्हटलं, "काय घातलंस आत?" म्हणते, "मावशी, तू वाढणार आहेस, म्हणून तुला सांगणार नाही. वाढणाऱ्याला ठाऊक असलं की पिणाऱ्याला न बोलता कळतं. आणि तुझा चेहरा म्हणजे लाउडस्पीकर आहे." ऐकलंत? सख्ख्या मावशीला! चाखूसुद्धा दिलं नाही. औषधांच्या चाचण्या अशाच करतात म्हणे, देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही.

मग काय, मी पळी घेऊन उभी, आणि समोरून एकेक जण. काका प्यायले आणि म्हणाले, "ब मध्ये साखर कमी. मला डायबेटिस, मला लगेच कळतं." काकूंनी लिहिलं अ. दोघं भांडतच बाहेर पडले, ते भांडण अजून मिटलेलं नाही, काल कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज येत होता. पाळणाघरवाल्या ताईंच्या डोळ्यांवर ब नं झापड आली. सेक्रेटरींनी परवानगीचं पत्र मागितलं आणि दोन्ही ग्लास दोनदा घेतले. आणि सगळ्यांत शेवटी, कोण आलं असेल? गुरुजी! रुसलेले, पण आले. दोन्ही ग्लासांचा वास घेतला, डोळे मिटून घोट घेतला, म्हणाले, "एकात सैंधव आहे, एकात साधं मीठ." आणि थांबले. पोरगी काय म्हणाली? "धन्यवाद. ही तुमची पावती." गुरुजी म्हणाले, "बरोबर की चूक?" ती नुसती हसली. बाई गं, काय तो चेहरा! "रेनडिअरचं नाही सांगितलंत, निदान सरबताचं तरी…" तेव्हापासून ते बोगनवेलीकडे बघतायत.

दुसऱ्या दिवशी काका तावातावानं घरी. "हे विज्ञान नव्हे! नेहरू सायन्स सेंटरला जा वरळीला, १९८५पासून आहे, बटण दाबा, आणि का झालं ते खाली लिहिलेलं असतं." तर पोरगी शांतपणे विचारते, "काका, ओपेनहायमर सिनेमा बघितलात?" त्यातला तो धाकटा भाऊ, फ्रँक. तोही भौतिकशास्त्रज्ञ. कम्युनिस्ट म्हणून १९४९ साली विद्यापीठातली नोकरी गेली, मग घरचं व्हॅन गॉगचं चित्र विकून कोलोरॅडोत गुरं पाळत बसला. विचार करा, भाऊ अणुबाँबवाला आणि हा गाईंच्या मागे! मग गावातल्या शाळेत शिकवायला लागला, आणि त्यातून १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं एक्सप्लोरेटोरियम उघडलं. सगळं हात लावून बघायचं. कलावंतांनाही बोलावून प्रयोग बनवून घेतले. प्रयोग कसे बनवायचे त्याची पुस्तकं छापली, नाव काय तर 'कुकबुक', आणि जगभरच्या म्युझियमवाल्यांनी त्यावरून आपापले प्रयोग बनवले. तिथं १९७१ पासून एक मिट्ट काळोखाचा घुमट आहे, आत रांगत, चाचपडत जायचं. तो केला कुणी, तर गॉडफादरवाल्या कोपोलाच्या भावानं. भावांचंच म्युझियम म्हणायचं ते.

आणि तिथंच ते, आता कसं सांगू, पाणी प्यायचं… कमोडातून! अहो खरंच. कोराकरकरीत, कधी न वापरलेला, त्यातून पिण्याच्या पाण्याची धार येते. पाणी स्वच्छ, सगळ्यांना ठाऊक, पण वाकायला जीव धजत नाही. हे ऐकून काकूंनी तोंडाला पदर लावला. काका मात्र गप्प झाले. मग म्हणाले, "पण तिथं खाली पाटी असेल ना, का धजत नाही त्याची?" असते, म्हणाली. "बघ!" म्हणाले काका, जिंकल्यासारखे. आणि मला विचाराल तर मीसुद्धा त्या फ्रँकच्याच पार्टीतली. कमोडाचं पाणी पाज, पण पाटी लाव. होलरनं काय केलं, २०१५ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत छतातून ठरावीक वेळानं एकेक कॅप्सूल टपकत ठेवली, खाली हा ढीग, शेजारी पाण्याची सोय. घ्यायची तर घ्या! घेणाऱ्यांनी घेतल्यासुद्धा. कुणी फुकट दिलेलं घेणार नाही असं माणूस अजून जन्मायचंय.

पण वहिनी, माझा एक संशय आहे. हे तुमच्यापाशीच ठेवा. तुमच्या लक्षात आलं का, उत्तराचा फॉर्म ज्या पॅडवर लिहायचा, त्यावर आधीच्या माणसाचा कागद वरच असायचा? काढलेला नसायचाच. आणि मधूनमधून पोरगी येऊन तो वरचा कागद बदलायची. मला वाटतं, सरबतात काही नव्हतंच. दोन्ही माझ्याच पातेल्यातली. तिला बघायचं होतं, कोण आधी कागदाकडे बघतं आणि मग ग्लास उचलतं. विचारलं तर म्हणते, "असेलही." असेलही म्हणे! घरचीच पोरगी, पण होलर झालीय पार.

बरं, ते सगळे फॉर्म माझ्या कपाटात आहेत, साड्यांखाली. नावं नाहीत त्यांवर, नुसते नंबर. पण इतकी वर्षं भिशीच्या वहीत सगळ्यांची अक्षरं बघितलीत मी. काकांचा शिरोरेघ न देणारा 'ब', सेक्रेटरींची सहीसारखी उडवलेली मात्रा… आणि तुमचाही दिसला हो. आधी 'अ' लिहिलाय, मग गिरवून खोडलाय, मग 'ब'. खरं सांगा, चव बदलली, की तुमच्या पुढे रांगेत भावजी होते म्हणून?